राजघराण्यातील जुने दागिने : सुरुवात कुठून करावी

आपण व्हिक्टोरिया राणीच्या दागिन्यांपासून अभ्यास सुरू करत आहात, ही निवड उत्तम आहे. मात्र हिरा किती कॅरटचा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा, कारण बहुतेक नवखे तिथेच अडकतात.

त्याऐवजी राणीचा संत्र्याच्या फुलांच्या घडणीचा एकच दागिन्यांचा संच नीट न्याहाळा. राणीचा भावी पती प्रिन्स अल्बर्ट याने १८३९ मध्ये पाठवलेल्या ब्रोचपासून तो सुरू झाला, आणि १८४६ मध्ये, लग्नाच्या सहाव्या वाढदिवशी, त्याने राणीला त्यातले शिरोभूषण दिले. पाने सोन्याची, फुले पांढऱ्या पोर्सेलिनची आणि शिरोभूषणात हिरव्या मिन्याची चार इवली संत्री, म्हणजे तोवर झालेली त्यांची चार मुले. हा संच मौल्यवान खड्यांवर उभा नाही, तरी राणीला तो फार प्रिय होता, आणि माझ्या मते हा विषय समजण्यासाठी याहून चांगला धडा नाही.

दुसरी चूक म्हणजे विक्रेत्याने सांगितलेली भावुक कहाणी खरी मानणे. तारीख, कोरलेला मजकूर, जुनी यादी किंवा व्यक्तिचित्र यांपैकी काहीतरी आधाराला हवेच.

आप्तांचे केस जपलेले लॉकेट हाती आले, तर ते कधीही पाण्यात बुडवू नका. काचेखाली ओल शिरली की केस खराब होतात. कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसणे पुरेसे आहे. घडणावळीचे शिक्के आणि कारागिरांच्या खुणा पुढे पाहता येतील.