टॉक्सिक लग्नातून बाहेर पडून सात महिने झाले, तरी त्याची आठवण का येते? मन सावरायला किती वेळ लागतो?

मला तीन वर्षं लागली. तुम्हाला किती लागतील हे कुणीच सांगू शकणार नाही. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "त्याने कधी हात उचलला नाही, त्यामुळे छळ झाला म्हणायचीही लाज वाटते", त्या एका ओळीसाठी हे उत्तर लिहितेय.

माझ्याही नवऱ्याने कधी हात उचलला नाही. त्याच्याकडे हिशेबाची वही होती आणि अबोला होता. पगार माझा, खातं जॉइंट, एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात. सकाळी दोनशे रुपये हातावर ठेवायचा आणि रात्री जेवणं झाली की वही उघडायची. दूध, भाजी, रिक्षा. दहा रुपये जुळले नाहीत तर ओरडायचा नाही, फक्त बोलणं बंद करायचा. सगळ्यात लांबलेला अबोला तेवीस दिवसांचा. मधे पाहुणे आले, तर त्यांच्यासमोर माझ्या पिठल्याचं कौतुक केलं आणि ते गेल्यावर पुन्हा गप्प. तेविसाव्या दिवशी मीच माफी मागितली. कशाची, ते आजही मला माहीत नाही.

पाच वर्षांनी पुण्याहून सांगलीला माहेरी आले. वाटलं, सुटले. आणि विश्रामबागेत भाजीवाल्या मावशींकडून कोथिंबिरीची जुडी घेतली तेव्हा तिथेच उभं राहून बसच्या तिकिटामागे लिहिलं, 'कोथिंबीर १०'. मग रोजच. चिठ्ठ्या, किराण्याची बिलं, औषधांची बिलं, सगळं एका स्टीलच्या डब्यात. आठ महिने हे चाललं होतं. दिवाळीत आईला चकल्यांसाठी तो डबा हवा होता. तिने उघडला. "हे कुणाला दाखवायचंय गं?" मला उत्तर देता येईना. हात थरथरायला लागले. आई पुढे काही बोलली नाही. डबा होता तसा कपाटात ठेवला आणि चकल्या पातेल्यात भरून वर ताट झाकलं. त्या वर्षी आमच्या चकल्या मऊ पडल्या.

भाऊबीजेला मामा आले. आईसमोर मला म्हणाले, "मारत तर नव्हता ना? मग थोडं जुळवून घ्यायचं." तेव्हा मी गप्प बसले, आज इथे लिहिते. मामा, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ हीसुद्धा हिंसाच आहे. बाईचा पगार काढून घेणं त्यात येतं. आणि जुळवूनच तर घेत होते मी. रोज रात्री, रुपया रुपया.

आता आठवणीचं. आमचा परस्पर संमतीने घटस्फोटाचा अर्ज होता. त्यात पहिल्या आणि दुसऱ्या तारखेच्या मधे सहा महिने थांबावं लागतं. 2017 पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळे ते माफ होऊ शकतात, आम्ही मागितलं नाही. त्या सहा महिन्यांत त्याचे गोड मेसेज यायला लागले. पिठल्याची आठवण येते म्हणे. मी बॅग भरायला घेतली होती. तेवीस दिवसांनी कुणी "चहा टाक" म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येतं, आणि तेच प्रेम वाटायला लागतं. तुम्हालाही त्याचीच आठवण येत असेल, अबोला सुटल्यावर वाटायचं त्या सुटकेची. म्हणून नंबर ब्लॉक करा. जे बोलायचं ते वकिलांमार्फत. 'शेवटचं एकदा भेटूया' याला अजिबात जाऊ नका.

जॉइंट खातं बंद करा, यूपीआयचा पिन बदला, बँकेतलं आणि पीएफचं नॉमिनी बदला. पीएफवर आईचं नाव घातलं त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली. समुपदेशनाचाही उपयोग झाला, पण या कागदाइतका नाही.

हे सगळं माझ्यापुरतं. मला मूल नव्हतं. तुम्हाला असेल तर ब्लॉक करणं इतकं सरळ नाही, मुलाच्या भेटीगाठींचं कोर्टातून ठरवून घ्या. तो घरी येऊन धमकावत असेल तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. आणि रात्री जीव नकोसा होत असेल तर माझी तीन वर्षं मोजत बसू नका, 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला लगेच फोन लावा, मराठीत बोलता येतं.

तिसऱ्या दिवाळीच्या आधी मी तो डबा बंबापाशी नेला आणि बिलं एकेक करून आत घातली. कोथिंबिरीचं तिकीट तेवढं सापडलं नाही. मग डबा घासून आईला दिला. मामा यंदाही भाऊबीजेला येणार आहेत.