सासूबाईंना सोडा, आधी प्रेक्षक उठवा

प्रिय ताई,
माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. दिवसभर बडबडतो, पण 'क'चा 'त', 'ग'चा 'द' आणि 'र'चा 'ल' करतो. 'बाबांची गाडी पंक्चर झाली' हे त्याच्या तोंडून 'बाबांची दाडी पंचल झाली' असं येतं आणि सगळे हसून लोटपोट होतात. मला त्याचे हे बोल फार आवडतात. व्हिडिओ काढून मी ते घरच्या ग्रुपवर टाकते, पाहुणे आले की एकदोन शब्द म्हणून दाखवायला लावते, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलते. 'तुत्ला' तर सगळ्यांचा लाडका शब्द. सासूबाईंना हे पसंत नाही. त्या त्याला समोर बसवून रोज 'काका' घोटून घेतात, तरी त्याचा 'ताता' काही सुटत नाही. हल्ली तो 'तुत्ला' म्हणतच नाही, कुत्रा दिसला की 'तो भुंतनाला बघ' म्हणतो, तेही इतकं गोड वाटतं! सासूबाईंच्या कडकपणाने त्याचा आत्मविश्वास जाईल अशी भीती वाटते. त्यांना कसं समजावू?
– एक आई

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले, आणि ते सासूबाईंबद्दलचं नाही. 'हल्ली तो तुत्ला म्हणतच नाही.' तुम्ही हे कौतुकाने लिहिलंत. मला ते वाचून वाईट वाटलं.

जरा नीट बघा. सासूबाई 'काका' घोटून घेतात, आणि 'ताता' तो आजही खुशाल म्हणतो. त्याने टाकून दिला तो शब्द वेगळाच आहे. ज्या शब्दावर घरभर हशा पिकायचा, पाहुणे ज्याची फर्माईश करायचे, तोच. त्याच्या जागी साडेतीन वर्षांच्या मुलाने अख्खं वर्णन शोधून काढलं, 'तो भुंतनाला'. केवढी हुशारी, आणि ती कशासाठी खर्च झाली? कुणी हसू नये म्हणून.

आपण बोबडं बोलतो हे लहान मुलांना कळत नाही, असं आपण सगळेच धरून चालतो. ते खरं नाही. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1960 साली एका मुलाची गोष्ट नोंदवली. त्याच्याकडे हवा भरायचा प्लास्टिकचा मासा होता आणि 'फिश' म्हणताना त्याच्या तोंडून 'फिस' यायचं. मोठ्या माणसाने विचारलं, 'हा तुझा फिस का?' मुलगा म्हणाला, 'नाही, माझा फिस.' असं वारंवार झालं. शेवटी मोठं माणूस 'फिश' म्हणालं, तेव्हा कुठे तो म्हणाला, 'हो, माझा फिस.' बरोबर शब्द कसा ऐकू यायला हवा, हे त्या मुलाच्या कानाला पक्कं ठाऊक होतं. जीभ तेवढी वळत नव्हती.

तुमच्या मुलाचंही बहुधा हेच आहे. म्हणजे तुम्ही लाडाने 'तो बघ तुत्ला' म्हणता, तेव्हा तुम्ही त्याच्या भाषेत बोलताय असं त्याला वाटतच नसेल. आई चुकीचा शब्द बोलते आणि बोलून हसते, एवढंच त्याच्या कानावर पडतं. मग व्हिडिओ, मग पाहुणे, मग 'अजून एकदा म्हण ना'. त्याला कुत्रा दाखवायचा असतो. तुम्हाला मात्र शब्द ऐकायचा असतो. त्याने दाखवलेल्या कुत्र्याकडे कुणी बघतच नाही, सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात.

उच्चारांची काळजी तुम्ही केलेली नाही, तरी थोडं सांगते, कारण घरात त्यावरून दोन तट पडलेत. आपली वर्णमाला कंठातून सुरू होते. आधी क, ख, ग, आणि ओठांवरचे प, फ, ब, भ, म येईपर्यंत पाचवा वर्ग उजाडतो. मुलं साधारण उलटीकडून येतात. प, ब, म लवकर जमतात, कारण ओठ मिटले की झालं, आणि समोरच्याचे ओठ दिसतातही. घराघरांतल्या आज्यांनी बाळांसाठी जपलेले शब्द आठवा, भू भू, माऊ, मंमं, पापा, बुवा. सगळे ओठांवरचे. (हे शब्द खुशाल वापरा. ते भाषेतलेच आहेत आणि त्यात कुणाची नक्कल नाही.) 'क' आणि 'ग'साठी जिभेची मागची बाजू उचलून टाळूच्या मऊ भागाला टेकवावी लागते, आणि हे सगळं तोंडाच्या आत, न दिसणाऱ्या जागी. म्हणून मूल जिभेचं टोक दातांशी नेऊन 'त' आणि 'द'वर काम भागवतं. बहुतेक मुलांना साडेतीन-चारपर्यंत 'क', 'ग' साधतात. 'र' आणि जोडाक्षरं त्याहून उशिरा, कधी पाचव्या-सहाव्या वर्षीही. तेव्हा 'पंक्चर'चं 'पंचल' हे या वयात अगदी रीतसर आहे.

काळजी कधी करायची, तेही सांगते. दोन वर्षांच्या मुलाचं निम्मंअर्धं बोलणं परक्या माणसाला कळतं, तीन वर्षांच्या मुलाचं साधारण पाऊण आणि चार वर्षांच्या मुलाचं जवळजवळ सगळं. चार पूर्ण झाल्यावरही 'दाडी' आणि 'ताता' तसेच राहिले, तर स्पीच थेरपिस्टला दाखवा आणि कान आधी तपासून घ्या. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांच्या कानात कधीकधी पडद्यामागे पाणी साठतं, ऐकू कमी येतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. बोलण्यात घट झाली, घास गिळायला त्रास होतो किंवा हाकेला ओ देत नाही असं दिसलं, तर वाढदिवसाची वाट बघू नका.

सासूबाईंचं म्हणाल तर घोटून घेण्याने 'क' लवकर येत नाही, आणि हे त्यांना एका वाक्यात सांगता येईल. पण घरात नातवाशी बरोबर शब्दात बोलणारं एक माणूस आहे, ते त्या आहेत. त्यांच्याकडून तेवढं घ्या. तो 'ताता आले' म्हणाला की 'हो, काका आले! काकांनी काय आणलं बघू' म्हणायचं आणि पुढे जायचं. बरोबर शब्द त्याच्या कानावर सहज पडू द्यायचा, पुन्हा म्हणायला लावायचं नाही. दोघींनीही. तो 'भुंतनाला' म्हणाला तर 'हो, केवढा मोठा कुत्रा, कुणावर भुंकतोय?' आणि मग खरंच कुत्र्याबद्दल बोला. 'तुत्ला' परत आलाच, तर चेहऱ्यावर काही उमटू देऊ नका.

हे बोल जपावेसे वाटतात, ते मला कळतं. वर्षभरात ते जातील आणि एकदा गेले की परत ऐकू येणार नाहीत. मग एका वहीत तारखेसकट लिहून ठेवा, तो खेळताना त्याच्या नकळत आवाज टिपून घ्या. 'बाबांची दाडी पंचल झाली' पंधराव्या वर्षी वाचून तो स्वतःच हसेल, आणि ते हसू त्याचं असेल. आज त्याच्यासमोर तो व्हिडिओ कुणालाही लावून दाखवायचा नाही.

आणि हे उद्यावर ढकलू नका. आज रात्रीच घरच्या ग्रुपवर लिहा: 'यापुढे त्याला कुणीही शब्द म्हणून दाखवायला सांगू नका. त्याच्याशी बोला, त्याच्या बोलण्यावर बोलू नका.' कुणी रुसेल, कुणी म्हणेल एवढं काय झालं. रुसू द्या. पुढच्या पाहुण्याने 'म्हण ना रे तुत्ला' म्हटलं आणि मुलगा तुमच्याकडे बघायला लागला, तर त्याला उत्तर द्यावं लागण्याआधी तुम्ही बोला, हसत पण स्पष्ट: 'तो आता सांगितल्यावर म्हणत नाही. त्याला विचारा, आज काय काय खेळला.'