जुन्या एमजीबीत व्ही-८ इंजिन टाकलं तर गाडी वळायची थांबते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडात लेस्टरमध्ये १९७१ची एमजीबी जीटी (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घेतली आहे, मूळ चार सिलिंडरचं इंजिन थकलंय, त्या जागी रोव्हर कंपनीचं व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरचं इंजिन) बसवायचं मनात आहे, पण क्लबातली जुनी मंडळी म्हणतात, "नाक जड होईल, हँडलिंगची वाट लागेल." खरं काय?

हा उद्योग मी स्वतः केलाय. कॉव्हेंट्रीत, घरामागच्या गॅरेजात, तीन हिवाळे घालवून. त्यामुळे आधी निकाल सांगतो: नाक जड होत नाही. रडवतो तो मागचा आस.

नाकाची भीती मात्र हवेतून आलेली नाही. ती आली एमजीसीमुळे. १९६७मध्ये कारखान्यानेच एमजीबीच्या सांगाड्यात २९१२ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन कोंबलं. सगळं बीड, आणि लांबलचक. मूळ इंजिनाहून ते सुमारे ९५ किलोंनी जड, आणि हा जादा भार जवळजवळ सगळा पुढच्या चाकांवर आला. इंजिन मावेना म्हणून पुढचा क्रॉसमेंबर (सांगाड्याची आडवी तुळई) काढावा लागला, कॉइल स्प्रिंग जाऊन टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारे दांडे) आले, बॉनेटला टेंगूळ आलं, चाकं चौदाची पंधरा इंची झाली. परीक्षण करणाऱ्यांनी गाडी चालवली आणि लिहिलं की वळणात ही बाहेरच पळते. पत्रकारांना दिलेल्या गाड्यांच्या टायरमध्ये हवाच चुकीची होती, असंही सांगतात. काहीही असो, १९६९मध्ये गाडी बंद झाली, तोवर जेमतेम नऊ हजार बनल्या होत्या. बदनामी मात्र आजवर टिकून आहे, आणि तुमच्या क्लबातले काका एमजीसीचं पाप व्ही-८च्या माथी मारताहेत.

कारण १९७३मध्ये एमजीच्या त्याच ॲबिंग्डनच्या कारखान्याने पुन्हा तोच खेळ केला आणि या वेळी तो जमला. (त्याआधी केन कॉस्टेलो नावाचा माणूस स्वतःच्या वर्कशॉपमध्ये अशा गाड्या करून विकत होता, कारखान्याला जाग आली ती त्याच्यामुळे.) इंजिन रोव्हरचं, ३५२८ सीसी. मूळ अमेरिकेतलं, १९६१च्या ब्यूइकचं. रोव्हरने त्याचे हक्क विकत घेतले होते. सिलिंडर आठ, पण ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे. म्हणून वजन जवळपास एमजीबीच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या इंजिनाएवढंच. शिवाय व्ही आकारामुळे लांबी कमी, त्यामुळे धूड बऱ्यापैकी मागे सरकून बसतं. ताकद ९५ अश्वशक्तीवरून १३७वर गेली, आणि नाक होतं तिथेच राहिलं.

म्हणून इंजिन बदलणाऱ्याने "हॉर्सपॉवर किती?" हे नंतर विचारावं. आधी विचारावं, किलो किती आणि ते पुढच्या आसाच्या कुठल्या बाजूला. हिशोब शाळेतल्या तरफेचा आहे. एमजीबीच्या दोन आसांमधलं अंतर ९१ इंच, म्हणजे सुमारे २३११ मिलिमीटर. समजा नवं इंजिन ५० किलोंनी जड आहे. हा जादा भार पुढच्या आसाच्या ३०० मिलिमीटर मागे पडला, तर पुढच्या चाकांवर साधारण ४३.५ किलो येतात आणि ६.५ मागे जातात. तोच आसाच्या १०० मिलिमीटर पुढे लटकला, तर पुढे ५२ किलो येतात आणि मागची चाकं उलट दोन किलोंनी हलकी होतात. ज्याने लहानपणी बैलगाडी भरलीय त्याला हे सांगायला नको. तेच पोते, तेच वजन. मागे ढकललं की गाडी उलाळ, पुढे ओढलं की जू बैलांच्या मानेवर.

आता पुढचा भार वाढला की गाडी वळणात बाहेर का पळते? टायरचा स्वभाव असा की भार वाढला की पकड वाढते, पण त्या प्रमाणात नाही. वळणात पुढच्या टायरला जास्त वजन आत ओढायचं असतं आणि त्याची पकड तितकी वाढलेली नसते. मग तुम्ही स्टिअरिंग अजून फिरवता, आणि टायर नुसते किंचाळतात. दुसरं म्हणजे, वजन गाडीच्या मध्यापासून जितकं लांब, तितकी गाडी वळायला सुरुवात करायलाच उशीर लावते. डाव्या-उजव्या लागोपाठच्या वळणांत हे फार जाणवतं.

याचा गावठी नमुना मी लहानपणी पाहिलाय. कोल्हापूरला आमच्या काकांनी अँबेसेडरचं पेट्रोल इंजिन काढून एका टेंपोचं जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. पैसे वाचले खरे, पण गाडी कायम नमस्कार केल्यासारखी पुढे वाकलेली, आणि स्टिअरिंग फिरवायला काकांना दोन्ही दंड लागायचे. योगायोग बघा, अँबेसेडरचं ते काढून टाकलेलं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमच्या एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) एकाच बी-सिरीज घराण्यातली. तुमच्या बॉनेटखालचा खडखड आवाज ओळखीचा वाटला असेल तर तो त्यामुळे!

आता माझी चूक. मीही "व्ही-८ म्हणजे जड" धरून चाललो आणि इंजिन बसवायच्या आधीच पुढच्या कडक स्प्रिंगा आणल्या. परिणाम? नाक वर उचललेलं, पुढची चाकं खड्ड्यागणिक उसळतात, आणि वळणात गाडी आधीपेक्षा जास्त बाहेर. म्हणजे क्लबवाल्यांचं भाकीत मीच खरं करून दाखवलं. वर्षभर टायर बदलून पाहिले, टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा कल) बदलून पाहिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी जुन्या, मूळच्याच स्प्रिंगा परत घातल्या आणि गाडी शहाणी झाली. ट्रायम्फ स्टॅग या दुसऱ्या ब्रिटिश गाडीवाल्यांचं असंच होतं: तिचं मूळ व्ही-८ बिडाच्या ब्लॉकचं, त्या जागी हलकं रोव्हर घातलं की नाक वर येतं आणि चाकांचे कोन बदलतात. इंजिन हलकं झालं म्हणून हँडलिंग आपोआप सुधारतं असं नाही.

मागचा आस ही खरी गोष्ट. एमजीबीला मागे अखंड आस आहे, आणि तो फक्त दोन कमानपाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) लटकलेला. पाट्यांनी वजनही पेलायचं, आस जागेवरही धरायचा आणि इंजिनाचा पीळही सोसायचा. चार सिलिंडरचा टॉर्क ११० पाउंड-फूट होता तोवर त्यांनी सोसला. व्ही-८चा १९३ आहे. पावसात एका राउंडअबाउटवरून निघताना मी दुसऱ्या गिअरमध्ये जरा पाय दाबला, आणि पाटे इंग्रजी एससारखे पिळून मागचा सगळा आस थडथड उड्या मारायला लागला. टायर जमिनीवर निम्माच वेळ. शेजारच्या लेनमधल्या बाईंनी जो चेहरा केला तो मी विसरणार नाही.

यावर मी केलं ते असं. पाटे नवे घातले (माझे पन्नास वर्षांचे होते, सपाट पडलेले), त्यांचे बुश बदलले, आणि आस पिळू नये म्हणून दोन्ही बाजूंना दांडे बसवले. पण सगळ्यात मोठा फरक पडला तो आसाच्या दातांचा. मूळ गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे फेरे) ३.९०९ आहे, कारखान्याने व्ही-८ला ३.०७ दिलं होतं. ते घातलं की चाकापर्यंत पोचणारा पीळ पाचव्या हिश्श्याने कमी होतो, आणि मोटरवेवर इंजिन गुणगुणत राहतं. हा खर्च लोक टाळतात आणि मग हँडलिंगच्या नावाने खडे फोडतात.

उंचीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण यात इंजिनाचा काही संबंधच नाही. १९७४च्या अखेरीस अमेरिकी नियमांसाठी एमजीबीला काळे रबरी बंपर आले आणि गाडी साधारण इंचभर उचलली गेली. १९७५च्या मॉडेलला तर काटकसरीत पुढचा अँटी-रोल बारही (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) काढला. इंजिन तेच, आणि गाडी वळणात बोटीसारखी झुलायला लागली. १९७७च्या मॉडेलमध्ये सुधारणा करावी लागली. तुमची १९७१ची क्रोम बंपरवाली, म्हणजे बुटकी. ती बुटकीच ठेवा.

मात्र क्रोम बंपरच्या गाडीत जागेची मारामारी आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंगचा दांडा एकाच जागेसाठी भांडतात. माझे माउंट ज्या वर्कशॉपने केले त्यांनी इंजिन थोडं वर आणि तिरकं बसवलं होतं. डावीकडे पूर्ण वळवलं की दांडा मॅनिफोल्डला घासायचा. इंजिन जितकं खाली आणि मागे जाईल तितकं घाला, आणि रंगकाम करायच्या आधी स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघा. या बाबतीत सनबीम टायगरवाले आपल्याहून दुर्दैवी: सनबीमच्याच अल्पाइन या छोट्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इतकं घट्ट बसलं की एका प्लगपर्यंत पोचायला केबिनच्या बाजूने झाकण काढावं लागतं. पुढे क्रायस्लरने ती कंपनी घेतली, पण त्यांचं स्वतःचं व्ही-८ तिथे बसेना, कारण त्याचा डिस्ट्रिब्यूटर मागच्या बाजूला होता.

बॅटरी डिकीत हलवा असा सल्ला कोणी देईल. हसून सोडून द्या. तुमच्या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आधीच सीटमागे आहेत.

ब्रेक: व्ही-८च्या जाड डिस्क आणि कॅलिपर घ्या, यात काटकसर नको. कागद: डीव्हीएलए (ब्रिटनचं वाहन नोंदणी खातं) आणि विमा कंपनी दोघांनाही बदल कळवा. आणि हे वाचणारं कोणी पुण्यात बसून असाच विचार करत असेल तर: २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा विंटेज नंबर हवा असेल तर ती मूळ रूपात लागते. इंजिन बदललंत तर तो नाद सोडा.

आता पाने बाहेर काढायच्या आधी एक करा. चारही चाकांखाली काटे ठेवून गाडीचं वजन घ्या, टाकी अर्धी भरलेली, ड्रायव्हरच्या सीटवर तुम्ही स्वतः. जमिनीपासून चारही मडगार्डांची उंचीही मोजा. आकडे इथेच खाली टाका, मग स्प्रिंगांचं बोलू.