विडर, पाचट आणि कॅनडातला बर्फ: मिस्त्रीला विचारा

तासगावकडं लहान इंजिनं दुरुस्त करतोय बरीच वर्षं, प्रश्न फोनवर येत राहतात, त्यातले चार इथं घेतोय: तीन विडरचे, म्हणजे तण काढायच्या आणि माती मोकळी करायच्या इंजिनाच्या मशीनचे, आणि एक बर्फ काढायच्या मशीनचा.

दादा, एक एकर द्राक्षबाग आणि अर्धा एकर हळद आहे. 7 एचपी पेट्रोल पॉवर विडर घेऊ का 9 एचपी डिझेल? दुकानदार डिझेलच घ्या म्हणतोय.

दुकानदार म्हणणारच. डिझेलला ताकद जास्त, इंधनाचा खर्च कमी हे खरं, पण वजन बघा की. बागेत दोन ओळींत नऊ-दहा फूट जागा असते, तिथं काय अडत नाही, अडतं ते ओळीच्या टोकाला, तारेच्या अँगलपाशी वळवताना, तिथं जड मशीन एकट्या माणसाला आवरत नाही. दीड एकराला पेट्रोल पुरे. रिव्हर्स गिअर आहे का, हँडल तुमच्या कमरेच्या उंचीला लागतं का आणि पार्ट तालुक्याला मिळतात का, एवढं बघून घ्या. काळ्या रानात वापसा आल्याशिवाय घालू नका, नायतर दात्यांना, म्हणजे खालच्या फिरत्या पात्यांना, चिखलाचे गोळे होतात आणि लोक म्हणतात मशीनच खराब. हां, महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, अनुदानाचा अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती हातात आल्यावरच खरेदी करा, आधीचं बिल चालत नाही.

कराडजवळ खोडवा ऊस आहे. दात्यांना पाचट आणि हराळी गुंडाळती. मुलगा इंजिन चालूच ठेवून नुसता क्लच सोडून हातानं ओढून काढतो. चालतंय का?

नाय चालत. आजच बंद करा त्याला.

क्लचची वायर अर्धवट अडकलेली मी कितीतरी मशीनवर बघितलीय, हँडलवर सुटल्यासारखं वाटतं आणि खाली दाते फिरायच्या तयारीत असतात, पाचट निघालं की अडलेला दाता मोकळा होतो आणि हात तिथंच असतो. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला नख नाही, ते असंच गेलंय, तेव्हा मीच घाईत होतो, दुसऱ्या कुणाला काय बोलणार. इंजिन बंद, दाते पूर्ण थांबले, मग प्लगची टोपी काढून बाजूला, आणि त्यानंतर विळ्यानं पाचट कापायचं. टोपी काढायला तीन सेकंद लागतात. टोपी नसली की ठिणगी नाही, मग दाते हातानं फिरवले तरी इंजिन धरत नाही.

मागं घेताना रेस कमी करा आणि आधी मागं बघा. माणूस सरीत अडखळून पडतो आणि मशीन पायावर चढतं, रिव्हर्समध्ये असे अपघात होतात. पायात बूट पाहिजे, स्लीपर घालून विडर धरणाऱ्याला मी मशीन देतच नाही.

मी साताऱ्याची. मुलगा कॅनडात आहे, घरासमोरचा बर्फ काढायला मशीन घेतोय. आम्ही बर्फ बघितला तो महाबळेश्वरला वेण्णा लेकवर गोठलेलं दव, तेवढाच! काय सांगू त्याला?

काकी, मी पण बर्फात मशीन चालवलेलं नाही, पण इंजिन तेच आणि यंत्रही ओळखीचं, पुढं विडरसारखा स्क्रू फिरतो आणि बर्फ ओढून नळीतून लांब फेकतो. सपाट सिमेंटचा छोटा रस्ता आणि सात-आठ इंचापर्यंत बर्फ असेल तर सिंगल-स्टेज पुरतं, म्हणजे स्क्रूच बर्फ ओढतो आणि फेकतो. बर्फ जास्त पडत असेल, खडीचा रस्ता असेल किंवा पालिकेची गाडी दारात दाबलेला बर्फ लोटून जात असेल तर टू-स्टेज घ्या म्हणावं, त्यात स्क्रू बर्फ ओढतो आणि आतला वेगळा पंखा फेकतो, स्क्रू जमिनीला घासत नाही, खालचे स्किड शू, म्हणजे टेकायच्या पट्ट्या, वर-खाली करता येतात. खडीवर ते जरा उंच ठेवायचे, नायतर दगड उडतात.

आता महत्त्वाचं. नळीत ओला बर्फ अडकला तर हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही, कारण पट्ट्यात ताण राहिलेला असतो आणि अडथळा निघाला की आतला पंखा झटका मारतो. मशीनबरोबर काठी येते, तीच वापरायची. स्क्रूची शिअर पिन तुटली तर कंपनीची तसलीच नवी पिन टाकायची, साधा बोल्ट नाही, पिन मुद्दाम कच्ची असते, ती नाही तुटली तर गिअरबॉक्स तुटतो. आणि थंडी वाजते म्हणून गॅरेजचं दार लावून इंजिन चालू करायचं नाही, धुराचा वास आला नाही तरी कार्बन मोनॉक्साइडनं माणूस जातो.

विट्याहून. विडर मशीन पावसाळाभर पडून होतं, आता दोरी ओढून खांदा गेला, स्टार्ट होईना.

पेट्रोल जुनं झालंय. हल्ली पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल ओढतं, पाणी खाली बसतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत चिकट थर होतो. टाकी रिकामी करा, वाटीचा खालचा स्क्रू सोडून घाण काढा, प्लग साफ करा, एअर फिल्टर झटका, ताजं पेट्रोल घाला. ऑइल काळं असेल तर तेही बदला, नवीन मशीनला तर पहिलं ऑइल साधारण 20 तासांनीच बदलतात. पुढच्या वेळी ठेवण्याआधी पेट्रोल कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी कोरडी राहते. एवढं करूनही नाही झालं तर कार्बोरेटर तसाच घेऊन या, जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग मशीन पेट्रोल पीत राहतं.