कोल्हापूरच्या आसपास गाड्यांची गर्दी टाळून, चढ-उताराच्या रस्त्यांवर, किल्ले-देवळं बघत सायकलने फिरता येईल का?

एका वाचकाचा प्रश्न: तुम्ही लिहिलंय की युरोपात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलसाठी वेगळ्या वाटा केल्यात, तसलं काही कोल्हापुरात आहे का? हाताशी चार दिवस आहेत, चढाची भीती नाही, किल्ले आणि जुनी देवळं बघायचीत, फक्त पाठीमागून हॉर्न नको.

माझं उत्तर: तशी खास सायकलवाट इथं नाही. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली आली ती अजून पळतेय, त्यामुळे रूळ काढून वाट करायचा प्रश्नच येत नाही. पण गाड्या नसलेले रस्ते आहेत आणि ते सापडतात जुलै-ऑगस्टच्या वर्तमानपत्रांत.

दर पावसाळ्यात पंचगंगा चढायला लागली की इथल्या पेपरात रोज यादी येते, पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची. पंचगंगेवरचे शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई. भोगावतीवरचे हळदी, राशिवडे, सरकारी कोगे, खडक कोगे. कासारीवरचे यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे. बाकीच्यांसाठी ती पुराची बातमी. सायकलवाल्यानं मात्र तिचं कात्रण जपून ठेवावं, कारण पाणी उतरल्यावर हेच बंधारे नदी ओलांडायच्या सगळ्यात शांत जागा असतात.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे नदीपात्रात ओळीनं उभे खांब. पावसाळा संपला की त्यांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाच्या आधी बरगे काढून नदी मोकळी करतात. खांबांच्या माथ्यावरून जेमतेम एका गाडीचा रस्ता जातो. शेतकरी, शाळेची पोरं, दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली आणि अधूनमधून एखादा ट्रॅक्टर, एवढीच त्यावरची रहदारी. ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या बसगाड्या लांबून मोठ्या पुलावरून जातात. बंधाऱ्याला जोडलेले गावरस्तेही त्यामुळेच मोकळे राहतात.

मध्यावर सायकल थांबवून एकदा दोन्हीकडे बघाच. वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, हिरवट, हलतसुद्धा नाही. खालच्या अंगाला बरग्यांच्या फटींतून पिचकाऱ्या उडत असतात, खडकावर धुणी आपटली जात असतात आणि उथळ पाण्यात म्हशी बसलेल्या असतात. कठडा बऱ्याच ठिकाणी नसतो, असला तर गुडघ्याएवढा. समोरून ट्रॅक्टर येताना दिसला तर तो अलीकडे येईपर्यंत काठावरच थांबायचं. मागच्या चाकाला दोन्हीकडे पिशव्या लटकवून मधोमध त्याच्याशी गाठ घालून घेऊ नका.

आता रस्ते सांगतो.

पहिल्या दिवशी पन्हाळा. सगळे रत्नागिरी रस्त्यानं जातात, अंतर वीसेक किलोमीटर. तुम्ही त्या रस्त्याला लागू नका. रंकाळ्यावरून फुलेवाडी, शिंगणापूर, बंधारा ओलांडून हणमंतवाडी आणि प्रयाग चिखली. इथं संगमावर क्षणभर टेका. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची इथून पंचगंगा होते. पुढे वरणगे-पाडळी करत यवलूज, तिथला बंधारा, पलीकडे पोर्ले, की आलाच गडाचा पायथा. थोडं लांब पडतं, पण दोन्ही बाजूंना ऊस आणि समोर सारखा पन्हाळ्याचा कडा दिसत राहतो. गावात शिरलात की पारावरून हमखास विचारतील, "कुठनं आलासा?" पुण्याहून सायकलवर आलो म्हटलं की चहा झाल्याशिवाय सुटका नाही. घाईत असलात तर "जोतिबाला निघालोय" म्हणा, लवकर सोडतात.

घाटाचा चढ साधारण ४०० मीटरचा. तो सकाळी आठच्या आत चढा, आणि शनिवार-रविवारी चढूच नका. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात पन्हाळा आहे. त्याचा आनंद आहेच, पण सुट्टीच्या दिवशी तीन दरवाज्यापाशी मोटारींची रांग बघून तो थोडा कमी होतो. माझा सल्ला असा की मधल्या वारी गडावर मुक्काम करा. संध्याकाळी पर्यटक उतरले की गड गाववाल्यांचा होतो. सकाळी लवकर आतल्या आत सायकल फिरवा: अंबरखान्याची धान्याची कोठारं, तीन मजली अंधारबाव, तीन दरवाज्यावरचा फारसी शिलालेख. तटबंदी लांबलचक आहे, चालत एका दिवसात पाय मोडतात. सायकलवर हाच गड निवांत बघून होतो.

इतिहास तुम्हाला ठाऊक असेलच, तरी जागेवर उभं राहून आठवायला म्हणून: अफझलखानाच्या वधानंतर अठराव्या दिवशी, २८ नोव्हेंबर १६५९ ला, महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्या वर्षी सिद्दी जौहरचा वेढा पडला आणि जुलैच्या पावसात ते इथून विशाळगडाकडे निसटले. ती वाट मसाई पठारावरून जाते. पठार सुंदर आहे, पांडवदऱ्याची लेणीही बघण्यासारखी आहेत, पण सामान लादलेल्या सायकलला तो जांभ्या दगडाचा कच्चा रस्ता मानवत नाही. पिशव्या मुक्कामाच्या ठिकाणी ठेवून जा, नाहीतर चालत जा. पठारावरून सायकल रेटत थेट विशाळगड गाठायचे बेत मी बरेच ऐकलेत. पावनखिंडीच्या बाजूला ओढे आणि चिखल काय असतो ते बघितल्यावर बेत बदलतात.

दुसऱ्या दिवशी पन्हाळ्याहून परतताना जोतिबा. वाघबीळपासून दाणेवाडी-गिरोलीचा डोंगररस्ता धरा. चढ आहे, वळणं आहेत, पण वर्दळ केर्लीकडच्या मुख्य घाटापेक्षा पुष्कळ कमी. रविवार, पौर्णिमा आणि चैत्र यात्रेचे दिवस मात्र सोडून द्या. यात्रेत सासनकाठ्या (देवापुढे नाचवायच्या उंच काठ्या) आणि गुलालात चालणाऱ्यालाच वाट मिळत नाही, सायकल कुठं घालणार? एरवी देवळाच्या आवारात शांतपणे काळ्या दगडाचं बांधकाम बघता येतं. आजचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं.

डोंगराच्या अंगावरच पोहाळ्याची लेणी आहेत. खांबांचं मोठं दालन, बाजूंना भिक्षूंच्या खोल्या. बहुतेक लोक जोतिबाला जाऊन परततात आणि ही बघतच नाहीत. वाट विचारताना एक काळजी घ्या. पन्हाळा तालुक्यात पोहाळे दोन आहेत. लेण्यांचं ते पोहाळे तर्फ आळते, दुसरं पोहाळे तर्फ बोरगाव, बाजारभोगावच्या बाजूला. मोबाईलनं दुसऱ्याकडे पाठवलं तर तुमचा दिवस गेला. लेण्यांवरून कुशिरे, निगवे, वडणगे करत कोल्हापूर. हा उतार जवळजवळ फुकटात मिळतो.

तिसरा दिवस भोगावतीच्या काठानं. कोगे, बंधारा, बहिरेश्वर, मग कसबा बीड. बीडबद्दल लोक सांगतात की शिलाहार राजांच्या काळचं हे मोठं ठाणं होतं आणि पावसानंतर शेतात सोन्याची नाणी सापडतात. नाणी सापडोत न सापडोत, वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड, मात्र सापडतीलच. वीरगळ खालून वर वाचायचा: तळच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. काही दगड इतके झिजलेत की सकाळच्या तिरप्या उन्हातच चौकटी उठून दिसतात, दुपारी नुसता दगड. म्हणून इथं नऊच्या आत पोचा.

ताकद असेल तर पुढे राशिवडे, कसबा तारळे करत राधानगरी आणि तिथंच मुक्काम. शाहू महाराजांनी सुरू केलेलं धरण बघा. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की त्याचे सात दरवाजे आपोआप उघडतात. कोल्हापूर-राधानगरी हा सरळ रस्ता जवळचा वाटतो, पण कोकणात आणि गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या त्याच्यावरच असतात. गगनबावड्याच्या मुख्य रस्त्याचंही तेच.

आता महिना. यावर सगळं अवलंबून आहे. साखर कारखाने सुरू झाले की या गावरस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या येतात, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन. बाहेर आलेली उसाची टोकं सायकलवाल्याच्या खांद्याला बरोबर लागतात, रस्त्यावर सांडलेल्या कांड्यांवरून चाक घसरतं आणि रात्री तर मागचा दिवा असेलच याची खात्री नाही. म्हणून दसऱ्यापासून कारखान्याची धुराडी पेटेपर्यंतचा काळ सोन्यासारखा. पाऊस गेलेला, डोंगर हिरवे, रस्ते मोकळे. तो हुकला तर हंगाम ओसरल्यावर, फेब्रुवारीअखेर ते मार्च, या. ऊन लागेल, पण पहाटे निघून अकराला थांबता येतं. हंगामातच यायचं झालं तर मोबदला म्हणून गुऱ्हाळं चालू असतात. ताजा रस प्या, गरम काकवी भाकरीला लावून खा. फक्त त्यानंतर लगेच चढाला लागू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नको. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. पण लहान बंधारे त्याच्या कितीतरी आधी बुडतात. पाणी वरून घोटाभर वाहत असलं तरी त्यावर सायकल घालायची नाही, मग गावातलं पोरगं तुमच्यासमोर पार गेलं तरी.

सायकलला पुढच्या बाजूला लहान गिअर हवाच. वाघबीळच्या वर तो नसला तर सायकल ढकलावी लागेल. टायर ३५ मिलीमीटरच्या आसपास रुंद घ्या, कारण बंधाऱ्यांच्या दोन्ही तोंडांना रस्ता दरवर्षी पुरानं उखडलेला असतो. पंक्चर काढणारे बाजारपेठेच्या गावांत भेटतात, पण त्यांच्याकडे ट्यूब मोटारसायकलची. तुमच्या दोन ट्यूब जवळ ठेवा.

चौथा दिवस खिद्रापूरला द्या. सपाट आहे, तुमच्या डोंगराच्या मागणीत बसत नाही, पण कोपेश्वराचा ४८ खांबांचा स्वर्गमंडप आणि मधलं उघडं गोल छत बघायचं राहिलं तर इतकं लांब येऊन काय केलंत? जयसिंगपूरहून शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड असं जायचं. वाडीला पौर्णिमेला आणि गुरुवारी दर्शनाची गर्दी असते, तेवढे दिवस सोडून बेत आखा.