वाचकांचे प्रश्न : गाडीची चावी हरवली आणि शोरूम लांब

प्रश्न : आमची छोटी पेट्रोल गाडी सुरगाण्यात घरासमोर उभी आहे. एकच चावी होती, ती आठवडे बाजारात पडली. दुसरी चावी जुन्या मालकाने दिलीच नव्हती. इथल्या चावीवाल्याने कुलपावरून चावी बनवून दिली. दार उघडते, स्टार्टर फिरतो, पण इंजिन चालू होत नाही. शोरूमवाले म्हणतात, गाडी नाशिकला आणा. कशी आणावी?
– एक वाचक, सुरगाणा

उत्तर : गाडी हलवण्याची घाई करू नका. चिपचे काम करणारा चावीवाला गाडीपर्यंत येतो का, ते आधी बघा.

तुमच्या चावीवाल्याने काम बरोबर केले आहे. पात्याचे दाते जुळले, म्हणूनच स्टार्टर फिरतो. राहिली आहे ती चिप. चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत सुमारे १२ मिलिमीटर लांबीची एक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची एक कडी असते; तिच्यातून चिपला वीज मिळते आणि चिप आपली ओळख कळवते. ती पटली नाही तर इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, इंजिनाला चालू होऊ देत नाही. मीटरवर गाडी-कुलपाचे किंवा चावीचे चित्र लुकलुकत असेल तर कारण हेच. जुनी मारुती ८०० किंवा जुनी सुमो असती, तर नुसत्या पात्यावर काम भागले असते.

नाशिकमधले चिपवाले कारागीर सामान घेऊन बाहेरगावी जातात, मात्र येण्याजाण्याचा खर्च वेगळा धरतात. फोनवरच गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगा. मग तीन गोष्टी विचारा : सगळ्या चाव्या हरवल्या असताना या मॉडेलचे काम होते का, ते डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमधून होते की इंजिनाचा कॉम्प्युटर काढून उघडावा लागतो, आणि सांगितलेल्या पैशात चिप, पाते, प्रोग्रामिंग (चिपची गाडीत नोंद करणे), प्रवास सगळे आले का. कॉम्प्युटर उघडावा लागणार असेल तर ते काम दारात उभ्या उभ्या करून घेऊ नका.

आरसी आणि ओळखपत्र तयार ठेवा. आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर ते आधी मार्गी लावा. कागद न बघता चावी करून देणारा उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही करून देईल; त्याला काम देऊ नका. पोलीस ठाण्यात चावी गहाळ झाल्याची नोंद करून दाखला घ्या. पुढे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो. पॉलिसीत चावी बदलण्याचे ॲड-ऑन आहे का, तेही बघा.

काम बिघडते ते बहुधा बॅटरीमुळे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर बॅटरी उतरलेली असते, आणि प्रोग्रामिंगच्या मध्येच विजेचा दाब कमी झाला तर कॉम्प्युटरमधली नोंद अर्धवट राहते. पूर्ण चार्ज बॅटरी बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास असेल तर आधी चार्ज करा आणि काम चालू असताना चार्जर जोडलेला ठेवा.

एकाच वेळी दोन चाव्या करून घ्या. फेरा आणि कोड काढण्याची मेहनत तेवढीच लागते, दुसऱ्या चावीला फक्त चिप आणि पात्याची भर. रिमोट नको असेल तर साधी चिपची चावी स्वस्त पडते. जुन्या चाव्यांची नोंद पुसून टाकायला सांगा आणि आता किती चाव्या नोंदल्या आहेत तो आकडा यंत्राच्या पडद्यावर स्वतः बघा. हरवलेली चावी दार मात्र उघडतच राहील, म्हणून गाडीत मौल्यवान काही ठेवू नका. ऑनलाइन जुनी वापरलेली चावी मागवू नका. एका गाडीशी जोडलेली चिप बहुतेक वेळा लॉक झालेली असते.

एवढे करूनही काम झाले नाही, तरच गाडी हलवा, आणि तीही आडव्या फळीच्या टो ट्रकवर चढवून. दोर बांधून टोचन नको. इंजिन बंद असले की ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतात, त्यात चावी निघाली तर स्टिअरिंग लॉक होते. वणी-दिंडोरीच्या रस्त्यावर हा धोका पत्करू नये. शोरूमला चासी नंबरवरून चावी मागवावी लागते, तेव्हा गाडी पाठवण्याआधी किती दिवस लागतील ते विचारून घ्या.

प्रश्न : एक चावी आहे. दुसरी आताच करून ठेवावी का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : जरूर. चावी हातात असताना पुष्कळ मॉडेलमध्ये तिच्या चिपची नक्कल काढता येते, गाडीच्या कॉम्प्युटरला हात लावावा लागत नाही. पाते मात्र झिजलेल्या चावीवरून कापू नका, ती झीजही नकलेत उतरते आणि चावी इग्निशनमध्ये अडकायला लागते. नव्या गाडीसोबत चावीच्या जुडग्याला नंबरचे छोटे लेबल मिळते. ते सापडले तर त्या नंबरवरून पाते मूळ मापाचे कापता येते. लेबल गाडीत ठेवू नका.

प्रश्न : रामकुंडावर रिमोटची चावी पाण्यात पडली. काढली, पण बटणे चालत नाहीत.
– एक वाचिका, पंचवटी

उत्तर : चिप सीलबंद असते, त्यामुळे गाडी बहुधा चालू होईल, करून बघा. रिमोट उघडून सेल लगेच काढा. गाळ असेल तर सर्किट साध्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा. एक दिवस पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायर लावू नका. सेलच्या पट्ट्यांवर हिरवट थर असेल तर तो खरवडून काढा. सेल बदलताना त्याच नंबरचा घ्या : २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. त्याजागी २०२५ घातला तर तो पातळ असल्याने पट्टीला नीट टेकत नाही, आणि रिमोट कधी चालतो, कधी नाही.