काजव्याच्या उजेडासाठी रसायनशास्त्र सोडावं का?

प्रश्न : माझी मुलगी रसायनशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जिवंत उंदराच्या पोटातली कॅन्सरची गाठ काजव्यासारखी चमकते आहे, असं एक छायाचित्र तिनं पाहिलं. तेव्हापासून तिला याच विषयात काम करायचं आहे. त्यासाठी रसायनशास्त्र सोडून बायोटेक्नॉलॉजीला जायचं म्हणते. जाऊ द्यावं का? आणि यात पुढे नोकरी मिळेल का? – एक आई

उत्तर : ताई, तिला रसायनशास्त्र सोडू देऊ नका. जे पाहून ती भारावली आहे, त्यात रसायनशास्त्राचा वाटा फार मोठा आहे आणि छायाचित्रात नेमका तोच दिसत नाही.

ती गाठ आपली आपण उजळत नाही. तिच्या पेशींमध्ये आधी काजव्याचं एक जनुक घातलेलं असतं. त्यामुळे पेशी ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम बनवतात. पण नुसत्या एन्झाइमनं उजेड पडत नाही. उंदराला ल्युसिफेरिन हा सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्याच्यावर काम करतं तो पदार्थ, टोचावा लागतो. तो रक्तातून गाठीपर्यंत पोचला, की एन्झाइम पेशीतलं एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि ऑक्सिजन वापरून त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि प्रकाश बाहेर पडतो. मेलेल्या पेशीत एटीपी उरत नाही, म्हणून ती चमकत नाही. त्यामुळेच औषधानं गाठ आक्रसते आहे की नाही, हे उंदीर न मारता, त्याच उंदरात पुन्हा पुन्हा पाहता येतं. जनुक आणि एन्झाइम ही जीवशास्त्राची बाजू. ल्युसिफेरिन मात्र निखळ सेंद्रिय रसायन.

हे रसायन एकेकाळी काजव्यांतूनच काढावं लागे. 1957 मध्ये सुमारे 15,000 काजव्यांतून जेमतेम 9 मिलिग्रॅम शुद्ध ल्युसिफेरिन हाती आलं होतं. 1961 मध्ये त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत बनवताही आलं. आज जगभर वापरलं जातं ते असं बनवलेलंच. आणि ते नुसतं बनवून भागत नाही. ल्युसिफेरिनची डी आणि एल अशी दोन रूपं आहेत, आरशातल्या प्रतिमेसारखी. उजेड पडतो तो डी रूपामुळे. एल रूप मिसळलेलं असेल तर ते त्या अभिक्रियेत अडथळाच आणतं. रेणूंच्या अशा रूपांचा, म्हणजे स्टिरिओकेमिस्ट्रीचा, तास मुलीला कंटाळवाणा वाटत असेल, तर तिला एवढं जरूर सांगा.

मला स्वतःला या विषयातली सर्वांत सुंदर अडचण वाटते ती रक्ताची. साधारण 600 नॅनोमीटरच्या खालच्या तरंगलांबीचा, म्हणजे निळा, हिरवा, पिवळा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणावर शोषून घेतं. सिलेंटराझिन हा समुद्री जीवांमधला सबस्ट्रेट निळा उजेड देतो. तो शरीराच्या आतून बाहेर येईपर्यंत बराचसा विरतो. शिवाय हे रसायन एन्झाइम नसतानाही हळूहळू ऑक्सिडीकृत होतं आणि नको तिथे अंधूक उजेड दिसतो. मग जास्त लाल प्रकाश देणारा रेणू बनवायचा कसा? जपानमध्ये रसायनशास्त्रज्ञांनी ल्युसिफेरिनची रचना बदलून अकाल्युमिन तयार केलं. पण काजव्याचं मूळ एन्झाइम त्याच्याशी नीट जमेना. तेव्हा जीवशास्त्रज्ञांनी एन्झाइममध्ये बदल घडवत त्याला जुळणारं अकाल्युक घडवलं. 2018 मध्ये या जोडीनं उंदराच्या फुप्फुसातल्या एकेकट्या पेशीचा उजेडही बाहेरून टिपून दाखवला. तुमच्या मुलीनं हे उदाहरण नीट वाचावं. तिची जागा यात कुठे आहे, ते तिला तिथे दिसेल.

आता नोकरीचं. 'बायोल्युमिनेसन्स (सजीवांचा उजेड) तज्ज्ञ' अशा नावाची पदं शोधायला गेलात तर निराश व्हाल. एवढ्या एकाच विषयावर आयुष्य बेतणं मी सुचवणार नाही. सेंद्रिय संश्लेषण, म्हणजे सेंद्रिय रेणू बनवणं, येणारी व्यक्ती मात्र औषध संशोधनात, प्रयोगशाळेची रसायनं बनवणाऱ्या कंपन्यांत, औषधांच्या चाचण्या विकसित करणाऱ्या गटांत काम करू शकते आणि या सगळ्या ठिकाणी ल्युसिफेरिनशी संबंध येऊ शकतो. अन्न प्रक्रिया उद्योगांत पृष्ठभाग स्वच्छ आहे का हे तपासणारी एटीपी चाचणीही याच अभिक्रियेवर चालते. स्वतंत्रपणे नवे सबस्ट्रेट घडवायचे असतील तर पीएच.डी. लागेल. पदवीनंतरची अनेक वर्षं त्यात जातात; घरानं त्याची तयारी आताच ठेवावी.

पदव्युत्तर शिक्षण तिनं सेंद्रिय रसायनशास्त्रातच करावं आणि प्रकल्प मात्र जैवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. एनएमआर (रेणूची रचना ओळखण्याचं तंत्र) आणि एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करण्याचं तंत्र) स्वतःच्या हातानं शिकावं. पेशी वाढवणं आणि ल्युमिनोमीटर (असा अंधूक उजेड मोजणारं यंत्र) वापरणं यांसाठी वेगळी पदवी लागत नाही. एखाद्या सुट्टीतलं प्रशिक्षणही सुरुवातीला पुरतं.

एक गोष्ट मात्र तिच्याशी तुम्हीच बोला. त्या छायाचित्रातला उंदीर खरा आहे. त्याला गाठ मुद्दाम दिलेली असते. असं काम नैतिकता समितीच्या परवानगीनंच होतं, तरी ते प्रत्येकाला जमतं असं नाही. तिला जमणार नसेल तर त्यात कमीपणा नाही. रेणू बनवणारे कित्येक जण प्राण्यांना कधी हातही लावत नाहीत. प्रकल्पासाठी प्रयोगशाळा निवडण्याआधी तिनं हे ठरवावं.